एक दिवसाचा परवाना

रत्नागिरीने देशाला काय दिले असे शाळेतल्या पोरांना विचारले, तर ती एका दमात सांगतात, लोकमान्य टिळक आणि हापूस आंबा. मे महिन्यात विचारले तर क्रम उलटा होतो, एवढाच काय तो फरक. छत्तीस वर्षे मी ह्या गावात इतिहास शिकवला आणि छत्तीस वर्षे हेच उत्तर ऐकत आलो. त्या उत्तरातून एक महत्त्वाची गोष्ट कायम गळते, ती म्हणजे दारूबंदी. तीही आमचीच.

आता पाहा. १८५६ साली रत्नागिरीत एक बाळ गंगाधर जन्मले, ते टिळक. १८८८ साली ह्याच रत्नागिरीत दुसरे बाळ गंगाधर जन्मले, ते खेर. पहिल्या बाळ गंगाधरांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांची पाठराखण केली. दुसरे बाळ गंगाधर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत. पदव्यांच्या बाबतीत तो काळ सढळ हाताचा होता.) खेरांच्या सरकारने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली, ती १ ऑगस्ट १९३९ रोजी. १ ऑगस्ट म्हणजे लोकमान्यांची पुण्यतिथी! दारूचे उत्पन्न बुडाले, ते भरून काढायला सरकारने शहरातल्या घरांवर दहा टक्के कर बसवला. म्हणजे पिणाऱ्याने सोडायची आणि भुर्दंड न पिणाऱ्या घरमालकाने भरायचा. ह्या हिशोबात मला तरी अस्सल रत्नागिरीकराचा हात दिसतो.

तीनच महिन्यांत युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पण खेर १९४६ साली परत आले आणि त्यांच्याबरोबर दारूबंदीही परत आली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० सालापासून सगळा इलाखाच्या इलाखा कोरडा ठणठणीत.

अशा ह्या पुण्यनगरीत गेल्या मे महिन्यात एकवीस वर्षांची आयरिश व्हिस्की येऊन दाखल झाली.

आणली पुतण्याने. तो डब्लिनला असतो. संगणकाशी संबंधित काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितले आहे आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली आहे. विमानातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू बिनजकातीची आणता येते, तेवढ्या सवलतीत ही बाटली बसली. बाटलीला लाकडी खोका, खोक्याला बिजागरी. आमच्या घरात एवढ्या इतमामाने फक्त आजोबांचे ताम्रपट ठेवलेले होते आणि तेही पुढे वाळवीने खाल्लेल्या पेटीत.

“काका, नुसती पिऊ नका हं,” पुतण्या म्हणाला. “चव लिहून द्या. आमचं तिथं मित्रांचं एक मंडळ आहे. दर महिन्याला एक बाटली. प्रत्येकानं वास, चव आणि शेवट असं तीन भागांत लिहायचं आणि शंभरपैकी मार्क द्यायचे.”

“शेवट म्हणजे कुणाचा?” आतून काकूने विचारले.

“गिळल्यावर तोंडात मागं काय राहतं ते, काकू.”

“पश्चात्ताप,” ती म्हणाली आणि फोडणी घातली.

मार्क द्यायचे म्हटल्यावर निवृत्त मास्तराच्या अंगात जे संचारते ते शब्दांत सांगता येत नाही. मी ताबडतोब होकार दिला. पण इतिहासाचा मास्तर असल्यामुळे आधी कागदपत्रे पुरी करणे भाग होते. पुष्कळांना वाटते की महाराष्ट्रातली दारूबंदी १९६० नंतरच्या दशकात उठली. उठली नाही, ती नुसती जरा बाजूला सरकून बसली. १९४९ चा कायदा आजही जागच्या जागी आहे आणि त्यातून वाट काढायची तर परवाना लागतो. पूर्वी हा परवाना फार मानाचा असे. डॉक्टरने लिहून द्यावे लागे की ह्या गृहस्थाची प्रकृती दारूवाचून टिकणार नाही. मुंबईतल्या बड्या बड्या लोकांची प्रकृती त्या काळात एकाएकी नाजूक झाली होती म्हणतात. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ तर थेट कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडीपासून औषधी वाइन आणि कोलनवॉटरपर्यंत सगळे जवळ बाळगण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग उचलून धरला, पण कोलनवॉटर आणि औषधी वाइनींना सोडून दिले. त्या निकालानंतर कोलनवॉटरचा खप वाढला की नाही हे मात्र निकालपत्रात नाही.

आता काम सोपे आहे. दुकानात गेलो, पाच रुपये मोजले, एक दिवसाचा परवाना हातात पडला. दोघे पिणारे, म्हणून दोन परवाने, दहा रुपये. वयाचा दाखला आमच्या डोक्यावरच होता. ह्या राज्यात व्हिस्की प्यायला पंचवीस वर्षे पुरी असावी लागतात. घरी येताना माझ्या लक्षात आले की बाटलीचे स्वतःचे वय एकवीस. म्हणजे ती व्हिस्की कायद्याने अजून व्हिस्की पिण्याच्याही वयाची नव्हती.

बाटलीवर नाव बुशमिल्स आणि साल १६०८. हे गाव आयर्लंड बेटाच्या उत्तर टोकाला, अँट्रिम परगण्यात आहे. तो भाग आजही ब्रिटनच्या राज्यात मोडतो, पण व्हिस्कीच्या बाबतीत बेट एकच धरतात. १६०८ हे कारखाना निघाल्याचे साल आहे असा समज होतो. तसे नाही. कंपनीची नोंद १७८४ सालची आहे. १६०८ साली झाले ते एवढेच, की इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याने सर टॉमस फिलिप्स नावाच्या आपल्या एका लष्करी माणसाला त्या मुलखात दारू गाळायचा परवाना दिला. म्हणजे बाटलीवर मिरवते ती तारीख दारूची नाही, परवान्याची आहे! मला आपले एकदम घरच्यासारखे वाटले.

त्याच्या आधी तिथले लोक दारू गाळत नव्हते असे नाही. शेतकरी गाळत होते, मठातले साधू गाळत होते. तिला ते आपल्या भाषेत ‘उश्क बाहा’ म्हणत, म्हणजे जीवनाचे पाणी. इंग्रजांच्या जिभेला ते जड गेले, त्याचे झाले व्हिस्की. फक्त परवाना मिळाला एकाला आणि मग बाकीच्यांचा धंदा चोरटा ठरला. १६६१ सालच्या नाताळच्या दिवशी आयर्लंडात दारूवर कर लागला. करवसुलीचा मुहूर्त सणासुदीचा धरण्याची सरकारी पद्धत किती जुनी आहे पाहा. ज्यांनी कर भरला नाही त्यांची दारू ती ‘पोचीन’. डोंगरात, ओढ्याकाठी, लहानशा भांड्यात गाळलेली, सरकारी पावलांची चाहूल लागली की भांड्यासकट पळवायची. ही पोचीन १९९७ साली कायदेशीर झाली. सव्वातीनशे वर्षे पाठलाग केल्यावर सरकार दमले असावे.

एकोणिसाव्या शतकात मात्र परवानावाल्यांची चैन झाली. जगात व्हिस्की म्हटली की ती आयरिश, आणि त्यातही डब्लिनची, असे दिवस होते. स्कॉच तेव्हा धाकट्या जावेसारखी कोपऱ्यात बसून होती. मग एनिअस कॉफी उभा राहिला. हा आयर्लंडातलाच अबकारी खात्यातला वरिष्ठ अधिकारी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भट्ट्या तपासून तपासून त्याला स्वतःची भट्टी सुचली. १८३० साली त्याने सतत चालणाऱ्या उभ्या भट्टीचे पेटंट घेतले. स्वस्तात, झपाट्याने, रात्रंदिवस दारू निघू लागली. डब्लिनच्या घराणेदार मंडळींनी नाके मुरडली. ह्या यंत्रातून निघते ती व्हिस्कीच नव्हे, असा त्यांचा बाणा. स्कॉटलंडवाल्यांनी बाणाबिणा काही न दाखवता यंत्र उचलले आणि जग जिंकले. पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी आली, आयरिश स्वातंत्र्यानंतर इंग्लंडशी व्यापारी भांडणे झाली, आणि १९७० नंतर अख्ख्या बेटावर नाव घेण्याजोगे दोन कारखाने उरले. दक्षिणेत मिडल्टन आणि उत्तरेत हे बुशमिल्स. आज परत तिथे चाळीसच्या वर आहेत म्हणे. आपल्या मालाच्या शुद्धतेचा इतका अभिमान की यंत्राला हात लावणार नाही आणि गिऱ्हाईक गेले तरी चालेल, हा स्वभाव मी रत्नागिरीतल्या काही दुकानदारांत प्रत्यक्ष पाहिला आहे. तेव्हा आयरिश लोक आपले कोणीतरी लागत असावेत.

बुशमिल्सचा कारखाना १८८५ साली आगीत जळाला आणि लगेच परत बांधला गेला. त्याच १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा ह्याला गादीवरून काढले आणि पुढल्या वर्षी आमच्या रत्नागिरीत आणून ठेवले. त्याला काढण्याआधी विलायती वर्तमानपत्रांनी तो दारूत बुडालेला आहे अशी आवई उठवली होती. नंतरच्या इतिहासकारांना त्यात काही तथ्य दिसले नाही. राज्य घ्यायचे असले की आधी राजाला दारुडा ठरवायचे ही युक्ती विद्यार्थ्यांनी लिहून ठेवावी, परीक्षेत येते. त्याचा मृत्यू इथेच १९१६ साली झाला.

आता एकवीस वर्षांबद्दल. बाटलीतली व्हिस्की म्हातारी होत नाही, ती पिंपात होते. ओकच्या लाकडाचे पिंप, त्यातून रोज थोडी थोडी दारू हवेत उडून जाते. ह्या उडून गेलेल्या भागाला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आयर्लंडच्या गार हवेत हा वाटा वर्षाला दोनेक टक्के पडतो. मी वहीवर आकडेमोड केली. शंभर लिटर ठेवले तर एकवीस वर्षांनी पासष्ट लिटर उरतात. आपल्या गोव्यात, बंगळुरात आता चांगली माल्ट व्हिस्की होते. २००४ साली बंगळूरच्या अमृतने आपली व्हिस्की थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, हा पराक्रम अटकेपार झेंड्याइतकाच मोठा मानला पाहिजे. पण आपल्या उकाड्यात देवदूतांची तहान वाढते, वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास. त्या हिशोबाने कोकणात शंभर लिटर एकवीस वर्षे ठेवले तर उरतात अकरा. कोकणातल्या देवांना नैवेद्य जास्त लागतो हे आम्हांला ठाऊकच आहे. पण त्यामुळे आमच्याकडे लवकर पिकते. तिकडच्या एकवीस वर्षांचे काम इकडे पाचसहा वर्षांत होते. आंब्याला जे लागू तेच व्हिस्कीला.

चाखायला मी दोघांना बोलावले. एक पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा. हे घेत नाहीत, पण घेणाऱ्यांच्या शेजारी बसून चकल्या खातात, म्हणून त्यांना लेखनिक केले. दुसरे आमच्या आळीच्या टोकाला राहणारे आबा. आबा ऐंशीच्या घरातले, जातिवंत भंडारी. त्यांच्या घरात तीन पिढ्या माडी काढायचा व्यवसाय होता. मार्क द्यायचेच तर परीक्षक विषयातला असावा, एवढाच माझा विचार.

माडी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे, कारण त्यांना माडी म्हटले की वरचा मजला आठवतो. माडाची पोय उमलायच्या आत बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, टोकाला धारदार आऊताने रोज एक पातळ काप घ्यायचा. त्यातून जो रस ठिबकतो तो मडक्यात धरायचा. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचे, पाऊस असो वा वारा. मडक्याला आतून चुना लावून रस पहाटे उतरवला तर ती नीरा, गोड आणि गांधीजींच्या पसंतीची. चुना नसला तर ऊन चढेपर्यंत आंबून ती माडी, आणि दुसऱ्या दिवशी तिचाच शिरका. म्हणजे आयर्लंडच्या दारूला एकवीस वर्षे लागतात आणि आमचीचे सगळे आयुष्य दीड दिवसाचे, घरच्या गणपतीसारखे.

हा सगळा पसारा एका घरात, एका बागेत, एका आऊतावर चालत असे. सरकारला हेच पटत नव्हते. प्रत्येक माडाखाली शिपाई कसा उभा करणार? १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. धोरण असे, की दारू गाळावी थोड्या मोठ्या मक्तेदारांनी, सरकारच्या नजरेखाली, भरपूर कर भरून. ज्या माडाची माडी काढायची त्या माडावरचा कर चढत गेला. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्यांमधली मोहाची दारू मुंबईच्या बाजारात भरली. १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरच बंधने आली, म्हणजे गरिबाने झाडाखालची फुले वेचून घरी नेली तरी गुन्हा. माडीवाल्या भंडाऱ्यांची पोरे आऊत खुंटीला अडकवून बोटीने मुंबईला गेली आणि गिरणीत लागली. कोकणातल्या घराघरांत मनिऑर्डर येऊ लागली तिच्यामागे नापीक जमीन होती हे आम्ही शिकवतो. अबकारी खातेही होते, हे क्रमिक पुस्तकात मला कधी सापडले नाही.

आणि इथून दक्षिणेला, बांद्याचा नाका ओलांडला, की सगळेच फिरते. तोच माड, तोच काप, तेच मडके. फक्त चढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू तिथे बोंडूसकट कामाला येतो. पहिल्या धारेचा उर्राक, परत गाळली की फेणी. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. आमच्या बाजूला बी काढून घेतल्यावर बराचसा बोंडू झाडाखालीच कुजतो. त्याला आलेला आंबूस वास सरकारी परवानगीवाचून येतो, पण त्यावर अजून कोणी खटला भरलेला नाही.

असो. ठरल्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीनंतर बसलो. काकूने अट घातली होती की देवापुढचा दिवा शांत झाल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. त्या दिवशी दिव्यात तेल तिने नेहमीपेक्षा जास्त घातले होते असा माझा संशय आहे.

पुतण्याने छापील कागद दिला होता. त्यावर आधीच्या मंडळींना ह्या व्हिस्कीत काय काय सापडले त्याची यादी होती. मनुका, बदाम, पुदिना, काळे चॉकलेट, दुधाची टॉफी. अण्णांनी यादी वाचली आणि म्हणाले, “हा वाण्याचा पुडा आहे की दारू?” मी ग्लास नाकाशी नेला. खरे सांगतो, वास उत्तम होता. पण चॉकलेट-टॉफी हे माझे लहानपण नव्हे. मला आला तो फणसपोळीचा वास. गेल्या वर्षीची, चुन्याच्या डब्याशेजारी नव्हे, चांगल्या जागी ठेवलेली फणसपोळी. मागून काकवी. आणि त्याच्याही मागे आजोळच्या शिसवी कपाटाचा कप्पा उघडल्यावर येई तसा काहीतरी. जिभेवर ती आली अगदी मऊ. आयरिश लोक तीन वेळा गाळतात, स्कॉटलंडवाले बहुतेक दोनदाच, त्या तिसऱ्या खेपेचा हा गुण. आधी गोड, मग हलकी तुरट, जायफळाची पूड पडल्यासारखी, आणि गिळल्यावर बराच वेळ ऊब. पश्चात्ताप कुठे लागला नाही. अण्णांनी हे सगळे पोस्टाच्या अक्षरात उतरवले आणि ‘काकवी’च्या पुढे कंसात दर्जा विचारला.

आबा एवढा वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी ग्लास प्यायला घेतलाच नाही, तळहातावर दोन थेंब टाकले, हात चोळले आणि नाकाशी धरले. मग एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि छपराकडे बघत बसले.

“मास्तर, ह्येच्यात आदी दुसरा कायतरी होता.”

“कशात?”

“पिंपात. ही नवीन पिंपातली न्हाय. आदी द्राक्षाचा कायतरी होता. एकदा न्हाय, दोनदा. येक गोड आनि येक जरा आंबटगोड, करपल्यावानी.”

मी कागद उलटून पाहिला. मागे बारीक अक्षरात छापलेले होते. ही व्हिस्की पहिली एकोणीस वर्षे शेरीच्या आणि अमेरिकन बर्बनच्या पिंपांत ठेवतात. मग एकत्र करून शेवटची दोन वर्षे मदीराच्या पिंपात. अण्णांची चकली हातातच राहिली.

मदीरा हे पोर्तुगीजांचे बेट, तिथल्या वाइनलाही तेच नाव. सतराव्या-अठराव्या शतकात ही वाइन पिंपांत भरून जहाजातून विषुववृत्तापार, हिंदुस्थानच्या दिशेने पाठवत आणि काही पिंपे न विकता परत नेत. उष्ण समुद्रात महिनोन्महिने हिंदकळून, तापून ती अधिक चांगली होते असा अनुभव आला, तेव्हा मुद्दाम फेरी मारून आणू लागले. पुढे बोटीचा खर्च परवडेना म्हणून बेटावरच कोठीत तापवायची सोय केली. आबांना जे ‘करपल्यावानी’ लागले ते हेच. आयर्लंडच्या एकवीस वर्षांच्या कुलवती व्हिस्कीला शेवटचा हात फिरला तो उन्हाचा! हे ऐकून मला फार बरे वाटले.

“पण आबा, तुम्हांला कळलं कसं?”

“त्येच्यात काय कळायचा? ज्या मडक्यात येकदा आंबला ता मडका धा पान्यांनी धुवा, ता इसरत न्हाय. बापूस आमाला डोळं बांधून मडक्यांचा वास घ्यायला लावायचा. ह्या काळच्या माडीचा, ह्या निरेचा, ह्या शिरक्याचा. चुकला की पाठीत धपाटा.”

मग आबा बोलू लागले आणि अण्णांनी लिहिणे थांबवले. १९५० नंतर, आबा दहा-बारा वर्षांचे असताना, त्यांच्या वडिलांनी निरेसाठी चुना लावलेली मडकी टांगली होती. एका मडक्याला चुना कमी पडला. पहाटे उतरवायला उशीर झाला, रस आंबला. कोणीतरी चुगली केली. मडके तिथेच फोडले आणि बापाला नेले. तीन महिने. सुटून आले ते परत माडावर चढले नाहीत. आऊत घासून, तेल लावून माळ्यावर ठेवले. आबा सोळाव्या वर्षी मुंबईला गिरणीत गेले आणि १९८२ च्या संपानंतर परत आले. म्हणजे ती नोकरी पंचवीसेक वर्षांची झाली, व्हिस्कीपेक्षा चार वर्षे जास्त. आऊत अजून माळ्यावर आहे.

“बापूस पीत नव्हता हां, मास्तर,” आबा म्हणाले. “कदी न्हाय. चाखायचा आनि थुकायचा. इकनारा पिला की धंदा बसला.”

मला त्यांचा परवाना द्यायचा राहिला होता, तो मी पुढे केला. आबांनी चष्मा लावून तो कागद सावकाश वाचला. तारीख, नाव, शिक्का.

“पाच रुप्ये?”

“पाच.”

“येका दिवसाचे?”

“एका दिवसाचे.”

त्यांनी कागदाची चार पदरी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. ग्लासातले उरलेले मात्र सावकाश, पुरे संपवले.

मार्कांवरून थोडी बाचाबाची झाली. अण्णा न पिता ऐंशी द्यायला तयार होते. न पिणाऱ्यांचा हात अशा बाबतीत नेहमीच सैल असतो. मी छत्तीस वर्षांत इतिहासाला बासष्टच्या वर गेलो नव्हतो. आबा म्हणाले, माल चांगला आहे, काम प्रामाणिक आहे, पण उन्हातून आल्यावर पोटाला गार वाटत नाही, तेवढे दहा मार्क कापा. शेवटी एकसष्टवर एकमत झाले. अहवाल पुतण्याला पाठवला. त्यात आबांचे मत वेगळे लिहिले आणि पिंपांचा शोध त्यांचा आहे हे दोनदा अधोरेखित केले.

आठवड्याने त्याचा फोन आला. “काका, मंडळात अहवाल वाचून दाखवला. भाषांतर मीच केलं. फणसपोळी समजावून सांगायला अर्धा तास गेला. पण एकसष्ट? इथं नव्वदच्या खाली कोणी जात नाही.”

“त्यांनी बोर्डाचे पेपर कधी तपासलेले नसतील,” मी म्हणालो.

“आणि ते आबा कोण, असं सगळे विचारतायत. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी नाव न छापलेली बाटली पाठवायची म्हणतात. परीक्षा घ्यायची आहे.”

आबांना हे सांगितले. ते म्हणाले, पाठवू देत, पण पावसाळ्यात नको, पावसाळ्यात नाकाला सर्दी असते.

बाटली अजून पाऊण भरलेली आहे. परवाना त्या दिवशी रात्रीच संपला, त्यामुळे पुढच्या घोटाला पुन्हा दुकानाची फेरी आहे. काकूचा डोळा बाटलीपेक्षा बाटलीच्या काचेवर आहे. जाड आहे, बूच घट्ट बसते, ह्यात कोकमाचे आगळ वर्षभर छान राहील असे तिचे मत. मी ते आबांच्या कानावर घातले, तर त्यांनी जोरात मान हलवली.

“वैनींना सांगा, आगळ नको. वास लागंल.”